घरच्या सुतारकामासाठी पहिली करवत कोणती घ्यावी?

नीरजा_तळेगाव
नमस्कार मंडळी. तळेगावला आमच्या घराखाली गाडी लावायची बंदिस्त जागा आहे, नऊ फूट रुंद, चौदा फूट लांब. गाडी आता बाहेर लागते आणि घरच्यांच्या संमतीने ती जागा सुतारकामासाठी माझ्या ताब्यात आलीय. ड्रिल मशीन, पटाशांचा संच, एक लोखंडी रंधा, गुण्या आणि दोन-चार क्लॅम्प एवढा संसार आहे. करवत एकही नाही.

पहिलं काम ठरलंय: १८ मिमी प्लायचं सहा फुटी पुस्तकांचं कपाट. त्यानंतर वाईच्या जुन्या घराच्या सागवानी चौकटी पडून आहेत, त्यातून एक चौरंग आणि जमलं तर देवघर. खर्चाची मर्यादा पंधरा हजार, त्यात पाती आणि बाकीचं किडुकमिडुकही बसवायचंय.

माझा कल टेबल सॉकडे (टेबलातून वर आलेलं फिरतं पातं) आहे, कारण सगळे व्हिडिओ तिथूनच सुरू होतात. पण घरात साधी हातकरवतही नसताना एकदम तिथे उडी मारावी का? सर्क्युलर सॉ (गोल फिरत्या पात्याचा), जिगसॉ (वरखाली होणाऱ्या बारीक पात्याचा), हातकरवत, टेबल सॉ यांत पहिलं काय घ्यावं? नुसतं कंपनीचं नाव नको, कारणासकट सांगा.

भुसकट
टेबल सॉ तूर्तास बाजूला ठेवा. हातात धरायचा सर्क्युलर सॉ घ्या, सव्वासात इंची पात्याचा.

कारण तुमचं पहिलंच काम. आठ बाय चारचा १८ मिमी प्लाय तीस किलोच्या वर भरतो. एवढा तक्ता एकटीने छोट्या टेबल सॉवर सरळ ढकलणं अवघड, आणि तो ढकलताना तिरका झाला की धोका सुरू. नऊ फुटी रुंदीत तक्ता फिरवायलाही जागा नाही. त्यापेक्षा तक्ता जमिनीवर स्थिर ठेवायचा आणि मशीन त्याच्यावरून न्यायचं. सव्वासात ते साडेसात इंची पात्याचे, १२०० ते १४०० वॅटचे सॉ आपल्याकडे सहज मिळतात आणि सरळ कापताना साठ-पासष्ट मिमी जाडी उतरते. तुमच्या चौकटीही बहुतेक त्यात बसतील.

सरळ कापायला पट्टी घरी बनते. ते विचारलंत तर सविस्तर लिहीन.

खटपट्या
पहिली करवत तीच, जी शेजाऱ्याकडे नाही. म्हणजे अदलाबदल करता येते. :)

पटाशी
भुसकट यांचं प्लायपुरतं मान्य. पण नीरजाताई, तुम्ही "पहिली करवत" विचारलंय, "पहिलं कपाट" नव्हे. माझं मत हातकरवतीला.

हातकरवतीचे दात दोन जातींचे असतात. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने, म्हणजे लाकूड उभं चिरायचं असेल तर दाताचं टोक पटाशीसारखं सपाट लागतं. तो दात तंतू खरवडत पुढे जातो. आडवं कापायचं असेल तर दाताच्या बाजूला तिरपी धार लागते. तो आधी तंतू दोन्हीकडून तोडतो आणि मग मधला भुसा बाहेर काढतो. उभ्या कापाला इंचाला चार ते सात दात, आडव्याला आठ ते बारा, बारीक सांध्यांना चौदाच्या पुढे. आडव्याची करवत घेऊन उभं चिरत बसलं की हात भरून येतो आणि माणूस म्हणतो हातकरवत भिकार. करवत बिचारी बरोबर असते, काम चुकीचं असतं.

हे हाताला एकदा कळलं की पुढे मशीनचं पातं निवडतानाही तेच कळतं: चोवीस दातांचं पातं उभ्या कापाला, साठ-ऐंशी दातांचं प्लायला. मशीनपासून सुरुवात करणाऱ्याला लाकडाची दिशा वाचायला शिकायची गरजच पडत नाही आणि मग रंधा मारताना लाकूड उचकटतं तेव्हा कारण कळत नाही.

शिवाय चौरंगाच्या पायांना खाच आणि कुसू (खाचेत बसणारी जीभ) करणार ना? तिथे पाठीवर पितळी किंवा पोलादी पट्टी असलेली टेनन सॉच लागणार. मशीन असलं तरी लागणार.

मिनेसोटाकर
इकडे माझ्या तळघरात टेबल सॉ मध्यभागी आहे आणि बाकी सगळं त्याच्याभोवती. एकाच मापाच्या दहा पट्ट्या काढायच्या असतील तर दुसरं कुठलंही यंत्र त्याच्या जवळपास येत नाही. कुंपणपट्टी (पात्याला समांतर बसवायची आधारपट्टी) एकदा लावली की दहाही पट्ट्या सारख्या. सर्क्युलर सॉने प्रत्येक वेळी मोजा, आखा, पट्टी लावा.

धोक्याबद्दल लपवाछपवी नको. अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने झालेल्या, इस्पितळात जावं लागलेल्या जखमा वर्षाला तीस हजारांच्या आसपास धरल्या जातात. म्हणूनच स्टीव्ह गॅस या गृहस्थाने १९९९ मध्ये सॉस्टॉपची कल्पना काढली. पात्यातून सतत बारीकसा विद्युत संकेत सोडलेला असतो. बोट लागलं की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते पाच मिलिसेकंदांत थांबवतो. पातं आणि ठोकळा दोन्ही बाद होतात, बोट वाचतं. तेवढं महाग मशीन नसेल तरी रायव्हिंग नाइफ आणि ढकलकाठी असलीच पाहिजे. या दोन गोष्टी असल्या तर नवख्याने टेबल सॉला घाबरायचं कारण नाही.

भुसकट
>>> रायव्हिंग नाइफ आणि ढकलकाठी असलीच पाहिजे

इथेच खरी गोम आहे, मिनेसोटाकर. आपल्याकडे पंधरा हजारांत जे टेबल सॉ म्हणून विकतात त्यांतले बरेचसे म्हणजे पत्र्याचं टेबल आणि खाली उलटा टांगलेला सर्क्युलर सॉ. रायव्हिंग नाइफ नाही, झाकण नाही, कुंपणपट्टी एका टोकाला अर्धा सेंटिमीटर सरकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लाकूड चिरताना आतला ताण सुटतो आणि काप मागून मिटायला लागतो. पात्याचे मागचे दात वरच्या दिशेने फिरत असतात. मिटणारं लाकूड त्यांना चिकटलं की उचललं जातं आणि कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकलं जातं. रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्यामागे उभी असलेली पात्याच्याच जाडीची पट्टी. ती काप मिटू देत नाही. ती नसलेला टेबल सॉ फुकट मिळाला तरी घेऊ नये. नामांकित कंपन्यांचे जॉबसाइट (उचलून नेता येणारे) टेबल सॉ नाइफसकट मिळतात, पण पंधरा हजारांत बसणार नाहीत.

जगदाळे_जुगाड
एवढा खल कशाला? मार्बल कटर घ्या, चार इंची. दोन-अडीच हजारांत येतो. त्याला लाकडाचं पातं लावायचं. आमच्या घरचं सगळं फर्निचर सुताराने त्याच्यावरच केलं. टेबलाखाली उलटा बसवला की तोच टेबल सॉ.

पटाशी
जगदाळे, कृपया हा सल्ला नवख्या माणसाला देऊ नका. हात जोडून सांगतो.

मार्बल कटर दगड आणि फरशी कापायला आहे. फरशीचं पातं दात नसलेलं असतं, ते घासतं. लाकडाचं पातं दातांचं असतं, ते चावतं. लाकडात अडकलं की मशीनच हातातून उसळतं. कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो, सर्क्युलर सॉ पाच-साडेपाच हजार. सर्क्युलर सॉचं खालचं झाकण स्प्रिंगने आपोआप मिटतं. काप संपवून मशीन उचललंत की पातं झाकलेलं. कटरला अर्धंच झाकण, खालचा अर्धा भाग कायम उघडा. मशीन बाजूला ठेवताना पातं अजून फिरत असतं, नेमकं मांडीच्या उंचीवर. बऱ्याच कटरचं बटण दाबल्यावर तसंच अडकून राहतं, म्हणजे हातातून सुटलं तरी मशीन चालूच.

तुमचे सुतार रोज तेच करतात म्हणून सुरक्षित वाटतं. आमच्या भागातल्या कितीतरी सुतारांची बोटं मोजून बघा. हे लोक कुशल आहेत, निष्काळजी नाहीत. त्यांना कंत्राटदार योग्य मशीन देत नाही आणि स्वतः घ्यायला परवडत नाही, म्हणून ते कटर वापरतात. ज्याला निवड करता येते त्याने ते करू नये.

जगदाळे_जुगाड
बटणाचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. बाकी तुमचं बरोबर. आमच्याकडच्या सुताराला दाखवतो हा धागा.

शमा
शीर्षकात नुसतं "करवत" एवढंच दिसलं मोबाइलवर, म्हणून करवतकाठी साडीचा धागा समजून आले. विदर्भातली आहे, माफी असावी. आता वाचतेच आहे तर वाचते, रंजक आहे.

गिरमिट
शमा, बसा. करवतकाठीच्या काठावर दातच तर असतात. :)

कुडाळकर
आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. मी बँकेत गेलो, पण सुट्टीत आजोबांच्या हत्यारांना हात लागतोच.

आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या तळव्यांत धरून करवत आपल्याकडे ओढायची. दात मुठीच्या दिशेला वळलेले. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे पातळ असलं तरी वाकत नाही. विलायती धाटणीची करवत ढकलताना कापते, म्हणून तिचं पातं जाड लागतं आणि समोर भक्कम बाक लागतं. नीरजाताईंकडे बाक आहे का, हे कोणीच विचारलं नाही. बाक नसेल तर ओढायची करवत जास्त सोयीची.

आणि त्या चौकटी! जुन्या सागाला हात लावण्याआधी चुंबक फिरवा. जुन्या घरांत हाताने घडवलेले खिळे लाकडाच्या आत तुटलेले असतात, वरून दिसत नाहीत. फक्त लाकडावर काळा डाग दिसतो. काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असंच धरा. मशीनच्या पात्याचा कार्बाइडचा, म्हणजे फार कठीण पण ठिसूळ, दात खिळ्यावर आपटला की तुकडा उडतो. हातकरवत आपटली तर दोन दात बोथट होतात, कानशीने पुन्हा वर येतात. म्हणून जुन्या लाकडाचा पहिला काप मी नेहमी हातकरवतीनेच घेतो.

सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो कुठल्याही धारेला खातो. कार्बाइड पातं नवं असेल तर प्रश्न नाही, पण साध्या पोलादी पात्याने साग चिरू नका, अर्ध्या चौकटीत जळका वास यायला लागेल.

ताम्हण
कुडाळकर यांना अनुमोदन, आणि म्हणूनच मी जपानी करवत सुचवणार होते. रयोबा. तीही ओढून कापते. एका काठाला उभ्या कापाचे दात, दुसऱ्या काठाला आडव्या कापाचे, म्हणजे पटाशींनी सांगितलेल्या दोन्ही करवती एका मुठीत. २४० मिमीची पुरते. कापाची रुंदी एक मिमीच्या आतबाहेर, सर्क्युलर सॉची अडीच मिमीपर्यंत. पातं बदलता येतं, मूठ तीच राहते. दोन-अडीच हजारांत चांगली येते.

मी फ्लॅटच्या गॅलरीत काम करते. दुपारी दोन ते चार आमच्या सोसायटीत मशीन लावता येत नाही, रयोबा मात्र रात्री दहालाही चालते, खालच्या आजींना पत्ता लागत नाही.

एक मात्र सांगते, ढकलायची नाही. ढकलताना जोर दिला की पातळ पातं वाकतं आणि एकदा वाकलेलं पातं पुन्हा कधीच पूर्ण सरळ होत नाही.

पटाशी
रयोबा सुंदर हत्यार आहे. माझी तक्रार एकच: तिच्या दातांना घरी धार लावता येत नाही. बहुतेक पात्यांचे दात विजेने झटपट कडक केलेले असतात, त्यांच्यावर कानस घसरते. धार गेली की पातं फेकायचं. माझ्या साध्या करवतीला मी धार लावत आलोय आणि अजून लावतोय.

अशीच कडक केलेल्या दातांची विलायती करवतही दुकानात भरपूर असते. ओळखायची खूण: दातांची टोकं निळसर-काळपट दिसतात. तशी दिसली तर ती वापरून टाकायची आहे हे समजून घ्या. स्वस्तात पहिली म्हणून वाईट नाही.

नेमाडपंथी
जिगसॉबद्दल कोणी चांगलं बोलेल का? बिचारा चारांच्या यादीत होता, सगळ्यांनी ओलांडला.

गिरमिट
मी बोलतो. त्या चारांत वळणदार काप फक्त तोच घेतो. चौरंगाच्या खालच्या पट्टीला महिरप हवी असेल तर जिगसॉशिवाय (किंवा हाताच्या बारीक करवतीशिवाय) गत्यंतर नाही. त्याचा जन्मही मजेशीर: १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीच्या आल्बर्ट काउफमान यांनी बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचं पातं लावलं. आजही पातं तसंच वरखाली होतं.

घाबरायला लावणाऱ्या मशीनमध्ये तो सगळ्यात सौम्य. पण पहिला म्हणून नको. एका बाजूने मोकळं असलेलं पातं जाड लाकडात तिरकं जातं. वरून रेघ बरोबर दिसते, तक्ता उलटा केला की खाली दोन-तीन मिमी फरक. कपाटाच्या फळ्या याच्यावर कापल्या तर सांध्यात फट राहणार.

मिनेसोटाकर
>>> नामांकित कंपन्यांचे टेबल सॉ पंधरा हजारांत बसणार नाहीत

हे मला इथे बसून लक्षात येत नव्हतं. मग मत थोडं बदलतो: पैसे साठेपर्यंत थांबा, पण अर्धवट टेबल सॉ घेऊ नका. तोपर्यंत सर्क्युलर सॉ. मात्र टेबल सॉचं माझं प्रेम कायम आहे हे नोंदवून ठेवा.

वैद्यबुवा
सगळे बोटांबद्दल बोलताय, नाकाबद्दल कोणीच नाही. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा. घरी शनिवार-रविवार काम करणाऱ्याचा संपर्क कारखान्यातल्या कामगारापेक्षा पुष्कळ कमी, तरीही बंदिस्त नऊ बाय चौदामध्ये सर्क्युलर सॉ चालवायचा तर दार उघडं ठेवा आणि एन-९५ मास्क लावा. रुमाल बांधून उपयोग नाही, बारीक धूळ त्यातून जाते. प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाच्या लगद्याचे दाबलेले तक्ते) फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, तो वेगळा. दमा असणारं कोणी घरात असेल तर हातकरवतीचं पारडं जड आहे: तिचा भुसा जाड असतो, खाली पडतो, हवेत तरंगत राहत नाही.

कानांत इअरप्लग. एवढंच.

खटपट्या
एक साधा प्रश्न. प्लाय दुकानातूनच कापून का आणत नाही? पुण्यात टिंबर मार्केटमध्ये आणि बाहेरही काही मोठी दुकानं पॅनेल सॉवर (मोठे तक्ते कापायच्या मशीनवर) मापाने कापून देतात. कागदावर मापं लिहून द्यायची. मग पहिल्या कपाटासाठी करवतच लागत नाही आणि पटाशी जिंकतात.

भुसकट
वा, खटपट्या, या वेळी खरोखर कामाचं बोललात. :) मोठे काप दुकानात, बारीक घरी, हे अनेकांना सोयीचं आहे. छोट्या टेम्पोत किंवा गाडीतही मावतं. फक्त कापाची रुंदी लक्षात ठेवा. चार फुटांत, म्हणजे १२२० मिमीत, ३०५ च्या चार पट्ट्या बसत नाहीत. तीन कापांत प्रत्येकी तीन मिमी भुशात जातात. ३०० लिहून द्या.

नीरजा_तळेगाव
बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत! सगळ्यांचे मनापासून आभार.

कुडाळकर, बाक नाही. जुनं जड डायनिंग टेबल आहे, त्यालाच क्लॅम्प लावते. चौकटींवर चुंबक फिरवला, तीन ठिकाणी चिकटला. काळे डाग आहेतच, तुम्ही म्हणालात तसे.

वैद्यबुवा, सासऱ्यांना दमा आहे आणि त्या जागेचं एक दार घरात उघडतं. त्यामुळे मशीनचं काम बाहेर अंगणात, असं ठरवतेय.

भुसकट, आता पट्टीचं सविस्तर लिहाच. आणि प्लायच्या कडेचा पापुद्रा उडतो त्याचं काय? बाहेर अंगणात साधा पाच अँपिअरचा प्लग आहे, चालेल का?

भुसकट
आधी प्लग. १४०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे सहा अँपिअर, सुरू होताना त्याहून जास्त. पाच-सहा अँपिअरच्या प्लगवर लावू नका, मोठ्या तीन पिनांच्या सोळा अँपिअरवरून घ्या. लांब वायर घ्यायची तर जाड, दीड चौरस मिमीच्या वर, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडून. गुंडाळलेल्या रिळात वायर तापते.

पट्टी. सहा किंवा नऊ मिमी प्लायचा एक तुकडा घ्या, फूटभर रुंद आणि तुमच्या कापाइतका लांब. हा तळ. त्याच्या एका कडेजवळ, लांबीभर, बारा मिमी प्लायची चार बोटं रुंद सरळ पट्टी चिकटवा आणि खालून स्क्रू मारा. या पट्टीची जी बाजू सॉला टेकणार ती प्लायची कारखान्यातून आलेली मूळ कड असली पाहिजे. ती घरात मिळणारी सगळ्यात सरळ रेघ आहे. पट्टीच्या त्या बाजूला तळ सॉच्या बुटापेक्षा (खालच्या सपाट पत्र्यापेक्षा) जास्त रुंद सुटलेला हवा. आता सॉचा बूट पट्टीला टेकवून एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवा. तळाचा जास्तीचा भाग कापून पडेल. जी कड उरली ती तुमच्या सॉचं, तुमच्या पात्याचं अचूक माप. यापुढे ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवायची, दोन क्लॅम्प, आणि चालवायचं. वजाबाकी नाही, हिशेब नाही. पातं बदलून जाडी बदलली तर नवी पट्टी करायची. क्लॅम्प मशीनच्या मोटरला आडवे येत नाहीत ना, हे मशीन बंद असताना एकदा सरकवून बघा.

पापुद्रा: हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून वरची बाजू उचकटते. तुमची चांगली बाजू खाली ठेवा. जिगसॉलाही तेच. टेबल सॉला आणि विलायती हातकरवतीला उलट, चांगली बाजू वर. रेघेवर मास्किंग टेप दाबून लावली तर आणखी फरक पडतो. पातं चाळीस किंवा साठ दातांचं.

तक्ता जमिनीवर सपाट टाकू नका. खाली पाइनच्या चार लांब पट्ट्या ठेवा, दोन कापाच्या या बाजूला, दोन त्या बाजूला. कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. दोन विटांवर टोकं ठेवून मधोमध कापलंत तर तक्ता खाली बसतो, काप मिटतो आणि सॉ मागे उसळतो. पात्याची खोली तक्त्याच्या जाडीपेक्षा फक्त एक दातभर जास्त.

आणि मशीनच्या रेषेत मागे उभं राहायचं नाही, किंचित बाजूला.

पटाशी
भुसकट, हा प्रतिसाद कुठेतरी कायमचा लावून ठेवा.

माझ्या बाजूचं अर्धं लिहितो. नीरजाताई, साधी धार लावता येणारी करवत घेतलीत तर हे लागेल. तिकोनी कानस, साठ अंशांची. तिचा एक पैलू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडा जास्त असला की माप बरोबर. करवत दोन सरळ लाकडी पट्ट्यांत धरून क्लॅम्प करायची, दात पट्टीच्या वर जेमतेम बोटाच्या नखाएवढे दिसले पाहिजेत. जास्त वर आले की पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून एकदा हलकेच फिरवायची. प्रत्येक टोकावर बारीक चकाकणारा ठिपका दिसेल. कुठल्या दातावर ठिपका नाही म्हणजे तो बुटका आहे.

मग उभ्या कापाची करवत असेल तर कानस पात्याला काटकोनात, एक खाच सोडून एक. फक्त पुढे जाताना दाब, परत येताना उचलायची. प्रत्येक खाचेत सारखेच हात. ठिपका निम्मा होईपर्यंत. मग करवत फिरवून उरलेल्या खाचा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. तेवढ्यावर थांबायचं, पुढे एक हातही नाही. आडव्या कापाची असेल तर हेच सगळं, फक्त कानस पात्याला तिरपी धरायची.

दात आलटून-पालटून डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्याने पातं कापात मोकळं फिरतं. प्रत्येक वेळी ते वाकवायची गरज नसते. करवत कापात अडकायला लागली की मगच. वाळलेल्या जुन्या सागाला कमी वाकवलेले दात चालतात, ओल्या आंब्या-फणसाला जास्त लागतात.

कुडाळकर
कानस चालवण्याआधी दातांवर पांढरा खडू फासा. कुठे हात बसला, कुठे राहिला ते लगेच दिसतं. आजोबा तसंच करायचे.

अवांतर: आंबा-फणसावरून आठवलं. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची बनत आलीत. इतकं हलकं आणि मऊ लाकूड की करवत दाबावी लागत नाही. कोणाला मुलांसोबत सुरुवात करायची असेल आणि पांगारा मिळाला तर जरूर वापरा.

ताम्हण
मुलांसोबत असेल तर रयोबा नको, दात फार तीक्ष्ण. इंचाला दहा-बारा दातांची लहान टेनन सॉ आणि लाकूड अडवायला बेंच हूक. बेंच हूक म्हणजे फळीला वर एका टोकाला आणि खाली दुसऱ्या टोकाला एकेक पट्टी. खालची टेबलाच्या कडेला अडकते, वरची लाकूड अडवते. नीरजा, तुमच्या डायनिंग टेबलावरही हेच करा, टेबलाला ओरखडा पडणार नाही.

नीरजा_तळेगाव
ठरवलं. कपाटाचे लांब काप दुकानात करून घेतेय, मापं ३०० ने लिहिली. रविवारी बोहरी आळीत गेले होते. पहिली करवत म्हणून पाठीवर पट्टी असलेली टेनन सॉ घेतली, इंचाला बारा दातांची, दातांची टोकं निळसर नाहीत ना हे उजेडात धरून बघितलं. सोबत तिकोनी कानस. ताम्हण यांची रयोबाही मागवलीय, चौकटींचे खिळ्यांपासून लांबचे काप तिने घेईन. खिळ्यांजवळ टेनन सॉच.

सर्क्युलर सॉ पुढच्या महिन्यात, अंगणात सोळा अँपिअरचा प्लग बसवून झाल्यावर. दुकानदाराने मार्बल कटरच पुढे केला होता, "मॅडम, सगळे हेच नेतात" म्हणून. नको म्हटलं आणि बटण दाबून का ते दाखवलंही.

जगदाळे_जुगाड
शाब्बास!

डावखुरा
धागा वाचनखुणेत साठवला. एक शंका: मी डावरा आहे. दुकानात जे सर्क्युलर सॉ बघितले त्या सगळ्यांचं पातं मोटरच्या उजवीकडे होतं. डावऱ्यासाठी वेगळा मागवावा लागेल का?

भुसकट
नाही, तुमची उलट सोय आहे. उजव्या हाताने धरणाऱ्याला मोटर आडवी येते, रेघ बघायला मशीनवरून वाकावं लागतं. डाव्या हातात धरलंत की पातं तुमच्या बाजूला येतं आणि रेघ थेट दिसते. मात्र भुसाही तुमच्याच बाजूला उडतो, त्यामुळे चष्मा सक्तीचा. आणि सुरू करायचं बटण दुकानातच डाव्या अंगठ्याने दाबून बघा. काही मशीनचं सुरक्षा बटण एकाच बाजूला असतं, ते डाव्या हाताने पोहोचत नसेल तर दुसरं मशीन निवडा.